दोड्डप्पांचा रविवार

वडिलांच्या मोठ्या भावाला आम्ही कन्नड रीतीनं दोड्डप्पा म्हणायचो. बेंगळूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत पंचांग त्यांच्याशिवाय हलत नसे, आणि आमचं घरही. साठच्या दशकात मी एका संस्थेत नव्या गणकयंत्रासाठी फोर्ट्रान या त्याच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायला लागलो, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं. आता धाकट्या बहिणीला तिथंच यंत्राला द्यायची कार्डं भोकं पाडून पंच करण्याची जागा मिळत होती. ती आनंदानं हवेत होती. दोड्डप्पा मात्र जमिनीवरच बसले.

"सरी, बरं, एक कर," ते मला म्हणाले. "कलियुग लागल्यापासून परवाच्या रविवारपर्यंतचे दिवस तुझ्या यंत्राला मोजायला सांग. त्यावरून वार बरोबर काढलान, तर पोरगी जाईल कामाला."

मी छाती फुगवून प्रोग्रॅम लिहिला. वर्षं घेतली, दिवसांनी गुणली, आणि यंत्रानं उत्तर छापलं: गुरुवार.

कारण साधं होतं. आमच्या फोर्ट्रानमध्ये पूर्णांकाला चारच आकड्यांची घरं. दिवस लाखांत गेले की डावीकडचे आकडे यंत्र गुपचूप टाकून द्यायचं आणि उरलेले सोज्वळपणे पुढं करायचं. चूक झाली हे सांगायचीही रीत नव्हती. त्या बाबतीत ही भाषा आमच्या घरातल्या पुरुषांवर गेली होती.

रात्री जेवताना मी हे सांगितलं, तेव्हा दोड्डप्पा हसून हसून लाल झाले. बहीण रडायच्या बेतात आली, आणि मला यंत्राचा नव्हे, माझाच राग आला.

"अरे वेड्या," विजयाच्या भरात दोड्डप्पा म्हणाले, "एवढी रास सांभाळायचीच कशाला? वारच हवाय की नाही? मग प्रत्येक पायरीला सात सात टाकत जायचं, शेष तेवढं पुढं न्यायचं. संख्या मोठी होतेच कशी बघू!"

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅममध्ये तेच केलं, आणि यंत्रानं रविवार छापला. प्रत्येक पायरीचा शेष छापलेला तो कागद दोड्डप्पांनी उलटसुलट करून पाहिला.

"हे तर माझंच गणित!"

"म्हणून तर चुकलं नाही, दोड्डप्पा," बहीण म्हणाली.

यंत्राला खोटं पाडावं, तर स्वतःच खोटे ठरणार. थोडा वेळ ते मिशीत पुटपुटले, मग पंचांग उघडून म्हणाले, सोमवार बरा आहे. सोमवारी तिला बसवर सोडायलाही तेच निघाले, मी मागोमाग. बस आली तशी त्यांनी कंडक्टरला कन्नडमध्ये ठणकावलं, "नीट उतरवा हिला. आमची मुलगी यंत्राला गणित शिकवायला चालली आहे."