ओटीवरचे दोन पत्रे

आमच्या पाड्यावर पहिला पत्रा चढला तो आमच्या घरावर. साठ सालाच्या थोडं आधीची गोष्ट. माझं माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूरहून डोळखांबला जाणाऱ्या वाटेवर. मी नवी सून, नव्या घराचं मला कौतुक असायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या पत्र्याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूला आत्या. दर वर्षी छपरावर नवं गवत चढवून मामा कंटाळले होते. माघात त्यांनी आटगाव स्टेशनावरून बैलगाडीत पत्रे आणले. गाडीत बसले नाहीत, पत्रे घसरतील म्हणून त्यांवर हात ठेवून सगळी वाट चालत आले. छप्पर झालं तेव्हा पाड्यातलं एकेक माणूस येऊन बघून गेलं. आलेल्याला मामा बारीक खडा फेकून पत्र्याचा आवाजही ऐकवायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, आमच्याकडे हौसेला आवाजसुद्धा होता.

होळी झाली की बाळंतपणाला माहेरी जायचं माझं ठरलं होतं. मुलीला तेवढा दम नव्हता. ती आठव्यातच आली, होळीच्या दुसऱ्या दिवशी, सासरीच. एवढीशी, मामांच्या दोन तळहातांवर मावेल इतकी. सुईण म्हातारी होती, बोलायला फटकळ. तिनं माझं बोट धरून मुलीच्या टाळूवर ठेवलं.

"ही जागा बघत जा गो. भरलेली असली की पोरगी बरी. खड्डा पडला की समज अंगातलं पानी गेलं. पाऊस येईस्तोवर हिला दूध नि गारवा दे. बाकी कायबी नको."

दूध माझ्याजवळ होतं. गारवा आणायचा कुठून, हा प्रश्न होता.

तसं उन्हाळ्याची तयारी करण्यात आत्यांचा हात धरणारं पाड्यात कुणी नव्हतं. चांदणी असतानाच आम्ही नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्यावरून पाणी आणायचो. चूल अंगणात, सूर्य वर यायच्या आत भाकऱ्या थापून मोकळं व्हायचं. नाचणीची आंबील ताकात कालवून मडक्यात झाकलेली असे आणि दुपारी तिच्यावरच भागवायचं. पिण्याच्या माठात वाळ्याची जुडी. शेतावर जाणाऱ्याच्या मुंडाशात कांदा. दाराला ओलं गोणपाट, आणि कुडाच्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. गवताच्या छपराखाली एवढं केलं की चैत्र-वैशाख निभावून जायचे. आत्यांचं सगळं गणित त्या गवतावर बसवलेलं होतं, आणि गवत तर मामांनी उतरवलं होतं.

चैत्र अर्धा सरला आणि घराची भट्टी झाली. सकाळी दहाच्या सुमारास पत्रा कटकट वाजायला लागे. ऊन चढलं की डोक्यावरून झळ खाली येई, गोणपाट सुकून कडक होई. मी मुलीला बाजेखाली निजवून पाहिलं, माठाशेजारी निजवून पाहिलं. मामा म्हणायचे, "नवा हाय पत्रा. जरा जुना झाला की निवंल." आत्या माझ्याकडे बघायच्या आणि मी पत्र्याकडे. तेव्हा सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. बोलायचं ते सासूकडे तोंड करून, नाहीतर लेकराला सांगायच्या निमित्तानं. घरचे हे तर जंगलातल्या लाकूडतोडीवर गेलेले, पंधरा दिवसांनी उगवणारे. मी बोलू तरी कुणाशी?

एका दुपारी मुलीनं पिणं सोडलं. तोंडाशी घेतलं तर नुसती ओठ लावून पडून राहिली. रडलीही नाही. मी टाळूवर बोट ठेवलं आणि बोट खाली गेलं. ती भीती मला आजही तशीच आठवते.

मी तिला उचललं आणि सरळ गोठ्यात गेले. गोठ्यावर जुनंच गवत होतं, त्यावर पत्रा घालण्याइतकी बैलांची पत नव्हती. आत पाऊल टाकलं आणि अंगाला गारवा लागला. दोन्ही बैल सावलीत मजेत रवंथ करत बसले होते, आणि माणसं नव्या घरात भाजत होती! मी आडव्या वाशाला लुगड्याची झोळी बांधली, ओल्या फडक्यानं मुलीचं अंग पुसलं, दूध पिळून बोंडल्यानं थेंबथेंब पाजलं. बराच वेळ गेला. मग तिनं जीभ हलवली. आणखी थोड्या वेळानं आपणहून ओढायला लागली, आणि मी बैलांच्या समोर बसून रडून घेतलं.

मामा शेतावरून आले ते घरात कुणी नाही बघून गोठ्याशी आले. मला बघून त्यांचा पारा चढला. मी पदर पुढे ओढला.

"बाळंतीन गोठ्यात?" ते आत्यांवर कडाडले. "गाव काय म्हनील?"

आत्या माझ्यासाठी आंबील घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाडगा खाली ठेवला. "गाव म्हनील, या घरात बैलं शानी हायेत."

एरवी मामा या बोलण्यावर भडकले असते. पण आत्यांनी त्यांना बोलू दिलं नाही. त्यांचं बोट धरलं आणि झोळीतल्या मुलीच्या टाळूवर ठेवलं. "हा खड्डा दिसला? मघा याच्याहून खोल व्हता." मामांनी बोट तसंच ठेवलं. मग हळूच काढून घेतलं आणि राबाच्या शेताकडे चालायला लागले.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पाला जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या डहाळ्या थंडीतच तोडून ठेवतात, तो कवळ. कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. पोटच्या लेकरासारखा जपायचा तो. मामा त्या ढिगातला एक भारा डोक्यावर घेऊन आले, मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या लाडक्या पत्र्यावर पाला पसरला, वर कारवीच्या काठ्या आडव्या बांधल्या, आणि खाली उतरून अंगणात उताणे पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा वाजला नाही. आतल्या खोलीत गोठ्याइतकं नाही, पण जीव धरेल इतकं गार झालं. मुलगी पिऊ लागली.

पाड्याला मात्र करमणूक झाली. बाकीच्यांचे राब भाजून काळे झाले आणि आमचं शेत उघडंच. "यंदा घर भाजनार का रान?" असं येणारा जाणारा विचारून जायचा. मामा हसायचे. पाला वाळलेला, एखादी ठिणगी पडली तर संपलंच, म्हणून ते भर दुपारी पाण्याची घागर जवळ ठेवून ओटीवर बसून राहायचे.

आणि त्या ओटीवरचेच दोन पत्रे त्यांनी उघडे ठेवले होते! वाटेवरून जाणाऱ्याला दिसावेत म्हणून, असं ते सगळ्यांना सांगायचे. "सगळं झाकलं तर पत्रा हाय हे कळनार कसं?" मला त्याचं फार हसू यायचं. मी मांडीवरच्या मुलीला मोठ्यानं सांगायची, "बघ गो, आजोबांची ऐट बघ. घामानं निथळतात, पन झळाळी सोडत नाय." मामा ऐकायचे, पंच्यानं मान पुसायचे आणि म्हणायचे, "सांग तुझ्या आयेला, हौस हाय माझी." गोठ्यात जाऊन बसायचीही त्यांना सोय नव्हती, गोठ्यावरून आरडाओरडा त्यांनीच केला होता ना! उन्हाळाभर मी त्यांची ही थट्टा केली. मुलीची टाळू भरत होती, मला कशाचंही हसू येत होतं.

वैशाख संपता संपता माहुलीच्या डोंगरावर ढग दिसले. पाला भिजला असता तर राब गेलाच असता. त्या एका दिवसात मामांनी आणि ह्यांनी मिळून सगळा पाला उतरवला, शेतात पसरला आणि भाजला. आमचा राब सगळ्यांच्या मागून झाला, लहानही झाला, पण रोप उगवलं. मुलगी अंगणात माझ्या मांडीवर पडून धूर बघत होती. तिला सुखरूप पावसाच्या तोंडाशी आणून सोडलं होतं, आणि मला कुणाचे आभार मानावेत ते कळत नव्हतं.

पुढच्या थंडीत मामांनी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कवळ तोडला. होळीच्या आधीच घरावर चढवला, ओटीवरचे दोन पत्रेसुद्धा झाकले. मी अंगणात तांदूळ निवडत होते. सवयीनं मुलीला म्हटलं, "काय गो, आजोबांची ऐट संपली वाटतं? यंदा झळाळी कुनाला दाखवायची नाय?"

मामा शिडीवरून नुसते हसले. आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"कसली ऐट गो? गेल्या साली कवळ पुरला नाय. व्हता तेवढा तुमच्या खोलीवर दाट घातला. कमी पडला तो ह्यांच्या डोक्यावरचा."

माझा हात तांदळातच राहिला. सगळा वैशाख तो माणूस तापलेल्या पत्र्याखाली बसला होता, आणि वरून माझे टोमणे ऐकत होता. मला लाज वाटली. लाजेहून जास्त माया वाटली, एवढी की ती सांगायला रीतीत कुठं जागाच नव्हती.

मामा शिडी उतरून ओटीवर टेकले. मी उठले, मुलीला घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलले. "मामा, हिला घ्या जरा. मी तुमाला आंबील आनते."