गोळ्या दिल्या होत्या

दवाखान्याच्या तळघरात कोडिंग विभाग होता आणि त्या विभागात छापील बाईंचा दरारा होता. वरच्या मजल्यांवरची दुखणी कागद होऊन खाली यायची आणि बाई त्यांना कोड लावायच्या, म्हणजे नोंदीसाठी प्रत्येक आजाराचा ठरलेला सांकेतिक आकडा. गरोदर बाईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तर त्याचे कोडही निराळे. कितवा महिना, जंतू मूत्राशयात की वर मूत्रपिंडात, हे सगळं डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. नसेल लिहिलं, तर प्रश्नच मिटला. "लिहिलं नाही ते झालं नाही," हे बाईंचं पालुपद होतं. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायचं.

सुरुवातीला त्या अशा नव्हत्या. नुसत्या लॅबच्या रिपोर्टवरून कोड लावायचा नाही, हा नियम त्या तेव्हाही पाळायच्या. पण रिपोर्टात जंतू दिसले आणि डॉक्टरांनी त्यावर चकार शब्द लिहिलेला नसला, की त्या वर चिठ्ठी पाठवायच्या: हा संसर्ग समजायचा का? एकदा अशीच चिठ्ठी हातात घेऊन बाळंतपणाच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुमचं काम कोड लावायचं, माझी डॉक्टरकी तपासायचं नाही. विभागप्रमुख शेजारीच उभे होते, ते हातातली फाईल चाळत राहिले. बाईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला. चिठ्ठ्या बंद झाल्या, कामाचा वेग वाढला आणि सगळे खूश झाले.

घरी मुलगा आणि सून. सून बोलायला सडेतोड, बाई मनात धरून ठेवणाऱ्या. त्यामुळे घरात भांडण क्वचित आणि अबोला फार. सुनेला दिवस गेले तेव्हा बाईंनीच हट्टानं तिचं नाव याच दवाखान्यात, याच डॉक्टरीणबाईंकडे घातलं. नात्यातल्या माणसाची फाईल दुसऱ्याकडे द्यायची असते. बाईंनी ती स्वतःकडे ओढून घेतली. घरची गोष्ट घरात राहावी, एवढाच हेतू. पण पहिल्याच तपासणीनंतर जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, की हिचं रक्त कमी आहे, कागदावर स्पष्ट दिसतंय.

सुनेनं ताट बाजूला सारलं. "आई, माझी फाईल तुमच्या टेबलावर येत असेल तर येऊ दे. पण ती घरी आणू नका."

मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. बाईंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. बरं, नाही आणणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या तपासणीची फाईल खाली आली तेव्हा तिच्यात डॉक्टरीणबाईंची एकच ओळ होती: नेहमीची तपासणी, तक्रार नाही, लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याखाली, तपासणीनंतर काही दिवसांनी आलेला लघवीचा रिपोर्ट कुणीतरी टाचून ठेवला होता. त्यात जंतू भरपूर वाढले होते. पोटुशा बाईला त्रास जाणवत नसला तरी अशा जंतूंवर औषध द्यावं लागतं, नाहीतर ते मूत्रपिंडापर्यंत चढतात, हे बाईंना पाठ होतं. त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. वर चिठ्ठी पाठवायची, तर ते सगळ्यांदेखतचं बोलणं आठवलं. घरी सांगायचं, तर ते सारलेलं ताट. डॉक्टरीणबाईंनी पाहिला असेलच की, असं म्हणून त्यांनी नेहमीच्या तपासणीचा कोड लावला आणि पुढची फाईल उघडली.

एक वाक्य बोलायचं होतं हो! नियम वगैरे काही आड येत नव्हता. आड आला तो ताठा, आणि त्याला औषध नसतं.

सून सारखी उठून बाथरूमला जायची. कंबर धरली आहे, असं नवऱ्याला म्हणायची. या दिवसांत व्हायचंच, असं बाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. मग एका दुपारी सुनेला हुडहुडी भरून ताप आला, दवाखान्यात नेईपर्यंत कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून खूप अवकाश होता. मुलगी झाली, ती जगली नाही.

ती फाईलही यथावकाश खाली आली. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हात आखडता घेतला नव्हता. महिना, मूत्रपिंडाचा संसर्ग, अकाली प्रसूती, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. शेवटी होतं: संसर्ग आधीच्या भेटीत आढळला होता, गोळ्या दिल्या होत्या, रुग्णाने घेतल्या नाहीत.

रुग्ण औषध घेत नाही, यालाही कोड असतो.

बाईंनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या भेटीत सुनेला लोहाच्या गोळ्यांपलीकडे काही दिलं नव्हतं, हे त्यांनी स्वतः वाचलं होतं. कितीतरी वर्षांनी त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला आणि दोन शब्द लिहिलेही. मग हात थांबला. वरून पहिला प्रश्न येणार, रिपोर्ट तुम्हाला दिसला होता ना? आणि तो प्रश्न घरापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार होता? त्यांनी चिठ्ठी फाडली आणि कोड लावला. फाईल कशी परिपूर्ण असावी ते बघा, असं म्हणत विभागप्रमुखांनी ती इतरांना दाखवली.

त्या घरी आल्या तेव्हा मुलगा पलंगाशी उभा होता. हातात दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद होता. तो त्यानं आज नीट वाचला होता.

"गोळ्या दिल्या होत्या, तर घेतल्या का नाहीस?" तो विचारत होता. आवाज चढलेला नव्हता, पण बायकोकडे तो बघत नव्हता.

"दिल्याच नव्हत्या," सून म्हणाली. मग तिला दारात बाई दिसल्या, आणि कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याशी आपणहून बोलली. "आई, तुमच्याकडे आहे ना माझी फाईल? आज आणा ती घरी. सांगा यांना, गोळ्या होत्या का त्यात?"

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली.

"दिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तसं लिहिलंय."