किती कपांचा मोका पॉट?

मिरज स्टेशनवर गाडी हलायच्या आधी आईने खिडकीच्या गजांतून चहापत्तीचा पुडा आत सारला. "तिकडं सगळे कॉफीच पितात म्हणे," ती म्हणाली. अप्पा तिच्यामागे उभे होते. "दोन वर्षं बघ," ते म्हणाले. "नाही करमलं तर परत ये." मी चोवीस वर्षांची होते. म्हैसूरच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. आपण परत येणारच, हे मी इतकं धरून चालले होते की रडलेही नाही.

त्याला बावीस वर्षं झाली. लग्न करायचं राहिलं, परत जायचंही राहून गेलं. तो पुडा महिन्याभरात संपला. मग लॅबमधल्या मुलींबरोबर अकराची कॉफी सुरू झाली आणि एक दिवस पितळी फिल्टर घरी आला. मिरजेला फोन केला की आई म्हणायची, "तुझं बोलणं बदललं गं." मला कळायचं नाही. 'उगाच'च्या जागी कन्नड 'सुम्ने' कधी येऊन बसलं, हे आपलं आपल्याला कुठे कळतं?

गेल्या वर्षी आई गेली. दादा म्हणाला, चार महिने अप्पांना तुझ्याकडे ने, त्यांना जरा बदल होईल. त्या चार महिन्यांचे चौदा झाले. अप्पा एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं मिरजेत कंपाउंडरी केली, औषधाचं माप कधी चुकलं नाही. इथे मात्र त्यांना ना भाषा येते, ना ओळखीचं कोणी. दर सोमवारी सकाळी एकच प्रश्न, "दादाला विचारलंस? कधी या म्हणतोय?"

मी दमले होते, हे लिहायला आता लाज वाटत नाही. साडेपाचला उठायचं. अप्पांचा चहा, गोळ्या, गुडघ्याला तेल, त्यांचं दुपारचं जेवण झाकून ठेवणं, मग माझा डबा. तोवर फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब गळत असायचं. त्याची भोकं बुजत आली होती. आठवड्यातून तीन दिवस तरी मी ते तसंच सोडून बसच्या मागे धावायची. लॅबमधली एक मैत्रीण म्हणाली, मोका पॉट घे, गॅसवर पाच मिनिटांत होतं. त्या पाच मिनिटांच्या आशेनेच मी तो घ्यायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. मिरजेच्या घराचा खालचा मजला भाड्याने दिलाय, वरच्या खोल्या मुलाच्या लग्नासाठी लागणार. "अप्पांना आता तिकडंच राहू दे," तो म्हणाला. "तू सांग त्यांना. तुझं ऐकतात." मी नाही सांगितलं. दोन सोमवार "बघतो म्हणालाय" एवढंच बोलून स्वयंपाकघरात निघून गेले. दादाचा राग आला होता. आणि खरं सांगायचं तर अप्पा जातील या आशेवरच मी एवढे दिवस रेटत होते, त्याचाही राग आला होता.

त्यानंतरच्या शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. अप्पा घरात कंटाळतात म्हणून त्यांनाही रिक्षात घातलं आणि मार्केटजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार मराठीच, पण चार पिढ्या म्हैसूरच्या. त्याने दोन पॉट पुढे ठेवले, एक ॲल्युमिनियमचा, एक स्टीलचा. मी स्टीलचा उचलला. खाली पाणी, मधे जाळीत पूड, वाफेच्या जोराने कॉफी वरच्या भांड्यात चढते, हे त्याने उघडून दाखवलं.

"पूड दाबायची नाय, मेडम. आणि हे अर्धं भरून चालत नाय. जेवढं माप, तेवढं करायलाच पाहिजे. सुम्ने मोठं घेऊ नका. घरात कॉफी पिणारे किती जण?"

"एक," मी म्हणाले.

"मग हे एक कपाचं घ्या. तीन कपाचं म्हणजे आपलं दूध घालून दोघांचं होते."

अप्पा स्टुलावर बसले होते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही.

"तीनचं द्या," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही कॉफी पीत नाही."

"शिकेन. दोन चुली कशाला मांडतेस सकाळी?"

दुकानदार पॉट खोक्यात घालेपर्यंत आम्ही बाहेर पायरीवर थांबलो. अप्पा काठीकडे बघत म्हणाले, "दादाने मलाही फोन केला होता. पंधरा दिवस झाले."

"मग दर सोमवारी विचारत का होता?"

"तू काय सांगतेस ते बघत होतो. एकदा तरी म्हणशील, अप्पा, इथंच राहा."

मी आत जाऊन खोकं घेऊन आले. रिक्षात बसल्यावर मी ते वाक्य बोलले. रस्त्यावर इतका गोंगाट होता की दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणावं लागलं.

पहिली कॉफी आच मोठी ठेवल्याने जळली. दुसऱ्या वेळी अप्पांनी चाकूच्या पाठीने पूड सपाट केली, खालच्या भांड्यात वाफेच्या झडपेच्या जरा खालपर्यंत पाणी मोजून ओतलं, आणि गुरगुर सुरू होताच गॅस बंद केला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पण पेला रिकामा केला. आता सकाळचं ते काम त्यांचं. माझा थकवा गेला असं म्हणणार नाही, पण बसची धावपळ थांबली.

मिरजेतल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय हे मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी गाव विचारलं की मी मिरजच सांगते. अप्पाही तेच सांगतात. पण परवा ते खाली फिरत असताना फुलवाल्या बाईने त्यांना कन्नडमध्ये विचारलं, "मने एल्लि?" घर कुठे, एवढं आता त्यांना कळतं. त्यांनी काठी वर करून आमची बाल्कनी दाखवली. मी तिथे कपडे वाळत घालत उभी होते.