अजगरीण जेवेना

२०१६च्या सप्टेंबरात आमच्या वॉर्डातली एक नर्स कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली आणि जाताना आपली पाळलेली अजगरीण मला देऊन गेली. तिने आधी सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. मी हो म्हणाले, कारण नवरा कॉर्कला नोकरीला होता, तो शुक्रवारी यायचा आणि आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या त्या भाड्याच्या घरात आठवडाभर मी एकटीच असायचे. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. एमबीबीएसनंतर मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वर्षभर होते. तिथे सर्पदंशाचे इतके पेशंट पाहिले, की साप म्हटलं की मला सुजलेले पाय आणि बाहेर बाकावर ताटकळणारे नातेवाईकच आठवायचे. कधीतरी नुसता साप बघावा, असं वाटायचं.

"ती एकदम ग्रँड आहे," नर्स म्हणाली. "काही त्रास नाही. दर दोन आठवड्यांनी एक उंदीर दिला की झालं."

चारेक फूट लांब, तपकिरी अंगावर सोनेरी डाग, बिनविषारी. घाबरली की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवायची. तिची काचेची पेटी मी पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवली. तिला जरा बाहेरचं दिसेल, हा माझा माणसासारखा विचार.

खायला गोठवलेले उंदीर मिळतात. ते कोमट पाण्यात वितळवायचे आणि लांब चिमट्याने तोंडापुढे धरायचे. पहिल्या उंदराकडे तिने पाठ फिरवली. चार दिवसांनी दुसरा दिला, तो तसाच पडून राहिला. मग मी रोज कामावरून आले की तिला बाहेर काढू लागले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं, हातावर घेऊन बसायचं, पुन्हा उंदीर दाखवायचा. काटा दर आठवड्याला थोडा खाली यायचा आणि माझी धडपड तेवढीच वाढायची.

ऑक्टोबरात कोल्हापूरहून आई आली. वडील गेल्यानंतरची तिची ही पहिलीच फेरी. अजगराचं मी तिला फोनवर मुद्दामच सांगितलं नव्हतं. खोलीच्या दारातच ती थबकली.

"हे काय आणि?"

"एका मैत्रिणीची आहे. काही करत नाही."

"करत नाही ते दिसतंयच," आई म्हणाली. मग फ्रीजर उघडून तिने मटारचं पाकीट उंदरांपासून शक्य तितकं लांब सरकवलं. तो विषय तिच्यापुरता संपला, असं मला वाटलं.

पण दिवसभर घरात तीच असायची. एका दुपारी मी परत आले, तर ती पेटीसमोर खुर्ची टाकून बसली होती.

"अगं, ही सारखी तोंड वर करून का बसतीया? आणि आवाज ऐकलास का? नखावर नख वाजवल्यागत."

मी कान लावला. प्रत्येक श्वासाला बारीक टक् असा आवाज होता. नाकपुडीशी एक बुडबुडा आला आणि फुटला. दिवसभर लोकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारी मी, आणि घरातल्या जिवाचा श्वास मला ऐकू आला नव्हता. मी फक्त तिच्या तोंडात काय जाईल एवढंच बघत होते.

साप बघणारी डॉक्टर डब्लिनच्या बाजूला, दीड तासावर होती. अजगरीण उशीच्या अभ्र्यात, अभ्रा डब्यात आणि शेजारी गरम पाण्याची पिशवी. डबा मागच्या सीटवर ठेवू लागले, तर आई म्हणाली, "तिथं गदगद हलंल. दे इकडं." आणि तो मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "पेटीतलं थर्मामीटर कुठे लावलंय?"

"काचेवर, वरच्या बाजूला."

"आणि ही राहते कुठे?"

वरची हवा पेटीतल्या दिव्याने तापत होती आणि खाली, खिडकीच्या गारठ्यात, ती आठवडेच्या आठवडे पडून होती. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता.

"नवीन घरी आल्यावर हे साप खाणं सोडतात. महिना, कधी दोन महिने. तो आजार नव्हे," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्यांना उबेत, अंधारात, एकटं सोडायचं असतं. तुम्ही उलट केलंत. पण सगळे तेच करतात. काळजी वाटते म्हणून करतात."

परतताना मला रडू आलं. आईने मांडीवरचा डबा सावरला. मग म्हणाली, "मला तरी इथं पहिले आठ दिवस कुठं जेवण जात होतं? तू ताट घेऊन मागं लागलीस की आणखीच नको व्हायचं. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही."

पेटी आम्ही हॉट प्रेसशेजारी हलवली. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट म्हणजे घरातला सगळ्यात उबदार कोपरा. आत लपायला दोन खोकी ठेवली, वरून जाड टॉवेल टाकला. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन. पहिल्यांदा सुई हातात धरली, तेव्हा कोकणातला तो वॉर्ड डोळ्यांसमोर आला. अजगरीण आईने धरली होती, दोन्ही हातांनी, तोंड दुसरीकडे वळवून. "टोच लवकर," ती म्हणाली, "थरथरतंय गं ते." थरथरत होते आईचेच हात.

तीन आठवड्यांत श्वास मोकळा झाला. आणखी पंधरा दिवस आम्ही तिला हातही लावला नाही. मग एका सकाळी मी उंदीर गरम करून खोक्याच्या तोंडाशी ठेवला, टॉवेल सोडला आणि कामावर गेले. दुपारी ओपीडीत फोन वाजला.

"खाल्लं गं तिनं," आई कुजबुजत होती, जणू मोठ्याने बोललं तर ती बाहेर टाकेल. "टॉवेल उचलला नाही मी. नुसता कोपरा सारून बघितला."

पुढच्या पेशंटला आत बोलवायला मला मिनिटभर लागलं.

एवढे दिवस मी नर्सला 'ती मजेत आहे' असंच कळवत होते. त्या रविवारी सगळं खरं लिहिलं: खिडकी, थर्मामीटर, आजार. ती आता रागावणार, हे धरूनच चालले होते. उत्तर आलं ते असं: "माझ्याकडे आली तेव्हाही पहिले चार महिने ती खात नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस, आणि माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. माफ कर."

मी ते आईला वाचून दाखवलं. "बिचारी," ती म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही.