दोनास तीनची भाकरी

सबंध खानदेशात गुणोत्तरावर नानांइतका जीव लावणारा माणूस दुसरा झाला नसेल, असं मी अगदी जबाबदारीने लिहितो. धुळ्याला देवपुरात आम्ही दोघं एका खोलीत राहून नोकरभरतीच्या परीक्षांची तयारी करत होतो. ते पारोळ्याकडच्या खेड्यातले, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना नाना म्हणायचो. लोक रस्त्याने जाताना माणसं बघतात, नाना प्रमाणं बघत. चहा आला की आधी दूध-पाण्याचा अंदाज सांगत, मग पीत. नवरदेवाच्या मिरवणुकीत बँडवाले किती आणि नाचणारे किती, याचं ते लग्न लागायच्या आत संक्षिप्त रूप देऊन टाकत. गावाहून त्यांची आई कळण्याच्या भाकरी पाठवायची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या. नाना पहिला घास डोळे मिटून चावत आणि म्हणत, "चारास एक. माय चुकत नही."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण गणितात 'क्ष मानू' असं दिसलं की मी पान उलटायचो. नानांनी एके दिवशी माझ्या वहीतला क्ष खोडलाच. "हाऊ क्ष कोन शे? आपला गावमा ऱ्हास का तो?" त्याच्या जागी त्यांनी 'वाटा' लिहिला. तीनास दोन म्हणजे एकूण पाच वाटे. एक वाटा सापडला की बठ्ठं, म्हणजे सगळंच, सापडलं. इतकं सोपं होतं, आणि तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. मात्र उदाहरणातली माणसं त्यांना खरी वाटत, ही मोठी पंचाईत होती. बाप-लेकाच्या वयाचं गुणोत्तर काढताना बाप सोळाव्या वर्षी बाप झाल्याचं निघालं, तर ते पेन खाली ठेवून हळहळत. "नाना, उत्तर लिहा ना," मी म्हणायचो. "थांब रे, त्या पोराच्या शाळेचं काय झालं असेल?"

कारकून भरतीची ती परीक्षा जळगावला होती. मला पुढेही संधी होत्या. नानांची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. त्यांच्यासाठी ही शेवटची. आमचे नंबर एकाच वर्गात आले. तिसाव्या प्रश्नात ज्वारी आणि उडीद दोनास तीन प्रमाणात मिसळले होते. मिश्रण वीस किलो, तर उडीद किती? मी पाच वाटे केले, बारावर खूण केली आणि पुढे गेलो. इतक्यात मागून नानांचा आवाज आला, "साहेब, या प्रश्नात छपाईची चूक आहे."

पर्यवेक्षक म्हणाले, "दिलंय तसं सोडवा."

"पण याची भाकरी होणार नाही, साहेब. घरी विचारून बघा."

वर्ग हसला. नाना मात्र चारास एक धरून बसले. त्यांचं उत्तर चार किलो, आणि ते चार पर्यायांत कुठेच नव्हतं. घंटा झाली तेव्हा त्यांचे पुढचे अकरा प्रश्न कोरे होते.

बाहेर आल्यावर मी जवळजवळ रडकुंडीला आलो. "नाना, बारा होतं हो! तुम्हीच तर शिकवलंत!"

"माले माहीत शे बारा शे," ते शांतपणे म्हणाले. "पन बारा किलो उडीद टाकीसन भाकर कोन थापी? चिकटी जाई ना भो हातले!"

यादीत माझं नाव लागलं, त्यांचं नाही. पेपरात गुणोत्तराची सात उदाहरणं होती. माझी सातही बरोबर आली होती, ती कोणाची होती हे मला ठाऊक होतं. यादी पाहिल्यावर नानांनी माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मी दोन पावलं पुढे गेलो.

माझी नेमणूक चोपड्याला झाली. धुळ्याच्या स्टँडवर नानांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली, पेटी वर चढवली आणि खाली उभे राहिले. मला किती बोलायचं होतं. त्यांनीच विचारलं, "कचेरीत माणसं किती आहेत रे?"

"सात आहेत म्हणतात."

"म्हंजे तुले धरीसन आठ," ते म्हणाले, आणि गाडी हलली.

त्यांचा हिशेब बरोबर होता. मी मात्र त्या कचेरीत होतो तोवर, चहा सांगताना, कितीतरी वेळा नऊ सांगून बसायचो.