जावळाला निघालो आणि कशेळीला थांबलो

देवी अंगात येते म्हणजे नक्की काय होतं, हे लग्नापर्यंत मला ठाऊक नव्हतं, आणि लग्नानंतर जे पाहिलं ते पटलं नव्हतं. माझं माहेर भिवंडी शहरातलं. वडील शाळामास्तर. घरात पूजा रोज व्हायची, पण इतकी हळू की शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असेल तर त्याची झोप मोडू नये. सासर जवळच्याच वळ गावचं, आगरी, आणि तिथे कुठलीच गोष्ट हळू होत नाही. पहिल्याच नवरात्रात सासूबाईंना वारं आलं. आधी जांभयांवर जांभया, मग मान डोलायला लागली, चेहरा लाल झाला, केस सुटले, आणि अख्खी आळी त्यांच्या पाया पडायला दारात. कुणी मुलीच्या लग्नाचं विचारत होतं, कुणी हरवलेल्या म्हशीचं. मी दूध उतू जाईल या सबबीवर स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंदच होता.

सासूबाईंवर माझा राग नव्हता. बाई प्रेमळ, मला कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. पण देवीला यायचंच असेल तर ती घुमत, ओरडत कशाला येईल, असं मला वाटायचं. त्यात लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. दवाखाने झाले, औषधं झाली, दोनदा आशा लागून सुटली. सासूबाईंनी कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलला होता, की पोर झालं तर त्याचं जावळ तुझ्याच पायाशी काढीन. मी मनात म्हणायची, तिला ऐकू गेलं असतं तर एवढी वर्षं लागली असती का? शेवटी मुलगा झाला. श्रेय मी औषधांना दिलं आणि सासूबाईंनी आईला, आणि त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, कारण पोर दोघींचंही होतं.

आता गाडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. त्या वर्षांत वळ गावाकडच्या शेतांवर गोदामं उभी राहत होती. आमचंही एक शेत विकलं गेलं, आणि त्या पैशातून आमच्या ह्यांनी लहानपणापासूनची हौस भागवून घेतली. मुंबईतल्या कुणाकडून एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारांची, लाल, जमिनीला इतकी टेकलेली की आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून तिला तिरकी चालवावी लागे. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं, आणि पुढचं माणूस उतरल्याशिवाय मागच्याला सुटका नाही. ती इतके किलोमीटर चालून आली होती की तो आकडा ह्यांनी पाहुण्यांना कधी सांगितला नाही. मी तिला सवत म्हणायची. ह्यांना ते आवडायचं.

तिचं दुखणं होतं हेडरचं. इंजिनातून निघणारा जळता धूर चार नळ्यांनी गोळा करून मागे सायलेन्सरकडे पाठवायचा, त्या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. कंपनीने बसवलेला बिडाचा, जाडजूड होता. आधीच्या कुणा हौशी मालकाने तो काढून पातळ स्टीलच्या नळ्यांचा लावला, गाडीचा आवाज भारदस्त यावा म्हणून. रोज तापायचं आणि रोज गार व्हायचं, असं वर्षानुवर्षं करून त्या नळ्या थकल्या होत्या. सकाळी गार असताना गाडी सुरू केली की बोनेटखालून टकटक ऐकू यायची आणि तापली की बंद व्हायची. मी विचारलं तर हे म्हणाले, “म्हातारी हाय ती. सकाळी हाडा वाजतान.”

शिवाय गर्दीत उभी राहिली की बोनेट असं तापायचं की वर पापड भाजावा. त्यावर ह्यांनी भिवंडीतच सुचेल असा उपाय काढला. ह्यांच्या एका मित्राचा शेलारला सायझिंगचा कारखाना होता. तिथे लूमवर जायच्या सुताला खळ देतात, बॉयलर चालतो, आणि वाफेच्या नळ्यांना काचेच्या धाग्याची जाड पट्टी गुंडाळलेली असते, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. त्या नळ्या वर्षानुवर्षं टिकतात, मग गाडीच्या का टिकणार नाहीत, असा हिशेब करून ह्यांनी तीच पट्टी आणली आणि हेडरला बाळंतिणीच्या पोटासारखी घट्ट बांधली. बोनेट खरंच गार राहायला लागलं. आठवडाभर हे घरात मिशीला पीळ देत फिरत होते.

मुलगा वर्षाचा व्हायच्या आत जावळ काढायचं ठरलं. मंगळवार होता. बाकीची मंडळी जेवणाची भांडी वगैरे घेऊन जीपने पहाटेच पुढे गेली. पहिलं जावळ, तेव्हा नातू बापाच्या गाडीतूनच जाणार असा सासूबाईंचा हट्ट. त्या पुढे बसल्या, मांडीवर ओटीचं ताट. मी मागे, बाळाला घेऊन, उपाशी, कारण जावळ निघेपर्यंत माझा उपास होता. ठाण्याच्या रस्त्याला काल्हेरच्या पुढे आलो आणि कशेळीच्या आधी सगळं ठप्प झालं. गोदामांचे कंटेनर पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. आमची गाडी त्यांच्या चाकांच्या उंचीची. बाळाला आदल्या दिवसापासून सर्दी होती, बाहेर डिझेलचा काळा धूर, म्हणून मी काचा बंद करून एसी लावायला सांगितला. हे मधेच आपली काच खाली करून पुढच्या ट्रकवाल्याला दोन शब्द सुनवायचे, आणि मी लगेच ती वर करायला लावायची. बाहेरचा धूर पोराच्या छातीत जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. इंच इंच पुढे सरकत होतो. माझं डोकं जड झालं होतं, मी ते उपासावर ढकललं. किरकिर करणारं बाळ गप्प झालं, तेव्हा बरं वाटलं की झोपलं एकदाचं. मग पुढून जांभयांचा आवाज यायला लागला. एक, दुसरी, तिसरी. सासूबाईंची मान डोलायला लागली. ह्यांनी वळून पाहिलं. आईचा चेहरा लाल, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू.

“आय आयली,” हे म्हणाले आणि त्यांचा आवाजच बदलला.

आमच्या घरची रीत अशी, की देवी अंगात आली की तिला गाडीतून पुढे न्यायचं नाही. जिथे असाल तिथे थांबायचं, तिला जमिनीवर बसवायचं, पाय धुवायचे, नारळ द्यायचा, ती जाईपर्यंत हलायचं नाही. मला हे माहीत होतं आणि मला संताप आला. भर रस्त्यात, ट्रकांच्या मधोमध, आजारी पोर घेऊन आता हा सोहळा करायचा. मी म्हणाले, “झोप लागलीय त्यांना. झोपू द्या. थांबू नका आता, चला पुढे.” माझे हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर आज हे लिहायला मी नसते.

ह्यांनी माझं ऐकलं नाही. हॉर्न वाजवत, शिव्या खात गाडी कडेला एका गोदामाच्या फाटकाशी घातली, धावत पलीकडे जाऊन दार उघडलं आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं. सासूबाई उभ्या राहीनात, मातीतच बसल्या. मग सीट वाकवून मला बाहेर काढलं. माझे पाय कापसाचे झाले होते. बाळ खांद्यावर होतं आणि त्याची मान माझ्या खांद्यावरून खाली लोंबत होती, पण तेही मला गाढ झोपेचंच वाटलं.

मोकळे केस, लाल चेहरा, समोर ओटीचं ताट, मुलगा पाय धुतोय. हे पाहिल्यावर आमच्याकडच्या माणसांना काही सांगावं लागत नाही. ठाण्याच्या बाजूला मासळी विकायला निघालेली कशेळीची एक बाई टोपली डोक्यावर घेऊन थांबली. टोपली खाली ठेवून, चप्पल काढून पुढे आली. आधी माझ्याकडे हात केले आणि म्हणाली, “दे बाय, पोऱ्याला आयच्या पायावं घालू.” मी बाळ तिच्या हातात दिलं. तिने घेतलं आणि तशीच उभी राहिली. मग त्याचा गाल हलवला, पाय हलवला.

“बाय, ह्यो झोपला न्हाय,” ती म्हणाली. “ह्यो उठत न्हाय.”

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. तिने टोपलीतल्या बर्फाचं पाणी ओंजळीने त्याच्या तोंडावर, छातीवर, तळपायांवर मारलं. ह्यांनी त्याला हाक मारली. मी समोर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. ज्या बाईच्या पाया पडायचं मी इतकी वर्षं टाळलं होतं, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि म्हणाले, आई, माझं पोर दे. कुणाला म्हणाले, सासूबाईंना की आणखी कुणाला, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्याच वेळी सासूबाईंना भडभडून उलटी झाली. आणि माझ्या मागे बाळ रडलं. आधी मांजरासारखं, बारीक. मग चांगलं मोठ्याने.

समोरच्या रिक्षातली दोन माणसं स्वतःहून उतरली आणि त्यांनी आम्हाला बसवलं. एका कंटेनरचा ड्रायव्हर खाली उतरून पुढे पळत गेला. “हटाओ, गाड़ी हटाओ, बच्चा है,” असं ओरडत त्याने खाडीच्या पुलापर्यंत वाट करून दिली. मासळीवाली बाई टोपली तिथेच टाकून आमच्याबरोबर आली. ठाण्याच्या इस्पितळात बाळाला आणि सासूबाईंना प्राणवायू लावला, मग मलाही. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो गाडीचा. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, म्हणाले, माणूस झोप लागल्यासारखा जातो, आणि लहान मूल सगळ्यांच्या आधी. आणखी अर्धा तास बंद काचांत काढला असता तर इथे आणून उपयोग नव्हता. जांभया, लाल चेहरा, डोलणारी मान, या सगळ्याचा अर्थ ते सांगत होते आणि मी बाळाच्या पोटाकडे बघत होते. ते वर-खाली होत होतं. त्याला मासळीचा वास येत होता आणि इतका चांगला वास मी आयुष्यात घेतला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो नर्सच्या हातातला पेन ओढत होता. तेव्हा मी रडले, पोटभर.

गाडी नंतर गॅरेजमध्ये नेली. काचेची पट्टी सोडवली तर आत हेडरची एक नळी सांध्यापाशी बोट जाईल एवढी फाटलेली. कारखान्यातली वाफेची नळी त्यामानाने थंडच. हेडरमधून जाळच वाहतो. पट्टीने ती आग आतच कोंडली, पावसाचं पाणी धरून ठेवलं, आणि आधीच थकलेलं पातळ स्टील गंजून उकललं. इंजिनाच्या आणि आपल्या मधल्या पत्र्यातून तारा जायला भोकं असतात, त्यांची रबरं म्हातारी होऊन कधीच गळली होती. धूर सरळ आत येत होता. मी ज्या काचा बंद करत होते, त्या विषाला बाहेर जाऊ देत नव्हत्या. ह्यांनी बिडाचा जुना हेडर शोधून बसवला, पत्रा बंद करून घेतला, आणि मग ती गाडी विकून टाकली. घेणाऱ्याला सगळं सांगून.

मासळीवालीला लुगडं द्यायला आम्ही कशेळीला गेलो. चमत्काराच्या गोष्टीतल्यासारखी नाहीशी वगैरे काही झाली नव्हती, घरी जाळं विणत बसली होती. “तुमच्या आयला मना एक इचारायचा व्हता,” ती हसून म्हणाली, “तो रायलाच.”

घरी आल्यापासून सासूबाई मात्र गप्प होत्या. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. देवापुढे दिवा लावायच्या आणि लगेच उठायच्या. एका दुपारी तांदूळ निवडताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “मंग ती आय नव्हती, सुनबाय? धूरच व्हता?”

वडिलांची मुलगी म्हणून माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण बाळ आमच्या दोघींच्या मधे बसून तांदूळ उधळत होतं, आणि ते उत्तर माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, “आई, धूर होता म्हणून डॉक्टर सांगतात, ते खरंच आहे. पण तुम्ही नुसत्या झोपला असतात तर मी गाडी थांबू दिली नसती. ती आली असं ह्यांना वाटलं, म्हणून दार उघडलं.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग आम्ही सांडलेले तांदूळ वेचत बसलो.

ते दार कुणी उघडायला लावलं, याचा निवाडा मी करत नाही. तो माझा प्रांत नाही, एवढं त्या दिवसाने शिकवलं. सगळं आपल्याला कळतंय असं वाटतं तेव्हाच आपण काचा वर करत असतो. पुढच्या महिन्यात भाड्याच्या जीपने, ताडपत्री गुंडाळून चारी बाजू उघड्या ठेवून, आम्ही कार्ल्याला गेलो. जावळ निघालं. गोटा झालेल्या पोराला मी आईच्या पायांवर घातलं आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. ढोल वाजत होते, आजूबाजूला बायका घुमत होत्या, आणि सासूबाई नातवाला कडेवर घेऊन शांत उभ्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, “आई, आज वारं नाही आलं?”

त्यांनी पोराच्या गोट्यावरून हात फिरवला. “आज कशाला येल?” त्या म्हणाल्या. “आज तिचा काय काम हाय?”