दिवेमावशीची सुई

आमच्या गल्लीतले अकरा दिवे संध्याकाळी कधी लागायचे, हे बावीस वर्षं एका सुईवर ठरत होतं. सुई दिवेमावशीची. तिचं पोट शिवणकामावर चालायचं, पण काय करता असं कोणी विचारलं तर ती "शिवते" म्हणायची नाही. "दिवे लावते" म्हणायची. ऐकणारा गालातल्या गालात हसला तर त्याचं माप घ्यायला तिला पुढचे पंधरा दिवस वेळ नसे.

तिचा नवरा पालिकेत वायरमन होता. गल्लीच्या दिव्यांची लोखंडी पेटी खरं तर कोपऱ्यावरच्या खांबावर बसायची होती. त्यानं ती स्वतःच्या दाराशेजारच्या भिंतीवर बसवली, म्हणजे खटका ओढायला चपला घालाव्या लागत नाहीत. तो गेला तेव्हा पालिका म्हणाली, दुसरा माणूस पाठवतो. माणूस यायच्या आधी संध्याकाळ झाली. मावशीनं त्याच्या सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, पेटी उघडली आणि खटका खाली ओढला. दुसरा माणूस काही आला नाही. सात वर्षांनी पालिकेचं पत्र मात्र आलं, की सदर इसमास दिवाबत्तीच्या कामावर ठेवण्यात येत आहे. मावशीनं ते पत्र चौकट करून शिलाई मशीनवर लावलं. "इसम" शब्दावर तिनं एक काळी टिकली चिकटवली होती.

घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. घड्याळाला ढग दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. काम संपत आलं की ती ओट्यावर यायची, काळा दोरा घ्यायची आणि सुईच्या नेढ्यात ओवायला बघायची. दोरा गेला तर अजून उजेड आहे. तीनदा चुकला की अंधार पडला. मग उठायचं आणि खटका ओढायचा. सकाळी हेच उलट. दोरा पहिल्या झटक्यात गेला की दिवे बंद. नियम इतका सोपा की पालिकेनंही त्यात कधी सुधारणा सुचवली नाही.

अडचण एकच झाली. मावशी साठीला आली आणि गल्लीत संध्याकाळ लवकर व्हायला लागली.

आधी सहाला, मग साडेपाचला. गेल्या वर्षी आमचे दिवे साडेचारला लागत, आणि सकाळी साडेनऊपर्यंत उन्हात फिकट पिवळे दिसत राहत. मावशी म्हणायची, हल्ली दिवसच आखडलेत. शिवाय कारखानेवाले नेढी लहान करायला लागलेत. गल्लीतल्या आया यावर माना डोलवत. कारण प्रत्येक घरात नियम होता, दिवे लागले की पोरांनी घरी यायचं. साडेचारला पोरं हातपाय धुऊन अभ्यासाला बसलेली बघून त्यांना दिवस आखडल्याचं काही दुःख होत नसे.

आणि कोणी बोललंच नाही. शेजारी तिची धाकटी जाऊ राहायची, जिभेनं तिखट, सबंध गल्लीला टोमणे मारणारी. तीसुद्धा गप्प. मावशीनं शिवलेल्या झग्यांच्या बाह्या हल्ली एक आखूड, एक लांब येत. बायका लांब बाही दुमडून घेत आणि म्हणत, अशीच फॅशन आहे.

बोलले ते मास्तर. जावेच्या पलीकडचं घर त्यांचं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली, मावशीपेक्षा नऊ वर्षांनी मोठे, तरी तेही तिला मावशीच म्हणत. साडेचार ही त्यांची दुपारची झोप ऐन भरात यायची वेळ. तेवढ्यात दिवे लागत आणि तीन नातवंडं घरात येऊन त्यांच्या पलंगावर चढत. त्यातून मास्तरांचं मत बनलं होतं, की सार्वजनिक कामं स्थानिक लोकांच्या हाती असता कामा नयेत. राजधानीत कसं, सगळ्यांना एक नियम, एक वेळ, तिथे कोणाची सुई चालत नाही. ते किराणा दुकानात हे रोज सांगत. जाऊ तेल घेता घेता एकदा म्हणाली, राजधानीला आपली गल्ली आहे हे तरी माहीत आहे का? मास्तर म्हणाले, माहीत नसेल तर कळवू. आणि त्यांनी खरोखर कळवलं. चार पानी.

त्या पत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी सगळ्याच गावांची दिवाबत्ती केंद्राकडे गेली. पण मास्तरांना वाटलं आपल्या पत्रामुळेच, आणि त्यांनी नवा पायजमा शिवायला टाकला. अर्थात मावशीकडे. दुसरा शिंपी बाजारात, आणि बाजार लांब.

राजधानीचे साहेब आले. तरुण, पाठीला पिशवी, बोलायला मऊ. त्यांनी पेटीत एक छोटी डबी बसवली, तिचा दिवा मिचमिचला, आणि मावशीकडे किल्ली मागितली. मावशीनं विचारलं, आता दिवे कोण लावणार? साहेब म्हणाले, राजधानीत एक बटण आहे. तिथे सूर्य मावळला की तिथला माणूस ते दाबतो, सबंध देशाचे दिवे लागतात.

मावशीनं किल्ली दिली. मग आत जाऊन चौकट उतरवली आणि पाटावर पालथी घालून ठेवली. दोन दिवस तिनं मशीन चालवलं नाही. तिसऱ्या दिवशी एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, तुम्ही काय करता, तर म्हणाली, "काही नाही." जाऊ ते ऐकून परत आपल्या घरात गेली आणि भांडी फार जोरात घासली.

राजधानी आमच्यापासून दोन दिवसांच्या प्रवासावर, पार पश्चिमेला. तिथे सूर्य आमच्यानंतर तासाभरानं मावळतो. हे भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं, असं पुढे जाऊ त्यांना बरेचदा म्हणाली. त्या एका तासात गल्ली काळीठिक्कर व्हायची. लोक भिंतीला हात लावत घरी येत. पोरं तर खूश, दिवेच लागले नाहीत तर घरी कशाला जायचं? आया दारात उभ्या राहून काळोखाला हाका मारत, आणि जे पोर हाताला लागेल ते आत घेत. पुष्कळदा ते दुसऱ्याचं निघे.

जावेनं राजधानीला फोन लावला. तिकडच्या बाईनं गोड आवाजात विचारलं, काय त्रास आहे? जाऊ म्हणाली, अंधार. बाई म्हणाली थांबा हं, बघते. मग म्हणाली, "नाही हो, चांगलं ऊन आहे."

पंधरा दिवसांनी लेखी उत्तर आलं. सदर गल्लीची पाहणी दुपारी बारा वाजता करण्यात आली असून उजेड पुरेसा आढळला.

मास्तर तरी राजधानीच्या बाजूनं राहिले. नवीन व्यवस्था रुळायला वेळ लागतो, म्हणायचे. पण एके दिवशी ते फिरून परत आले, अंधारात पायऱ्या मोजल्या, दार ढकललं, छत्री खुंटीला अडकवली, खुर्चीत बसले आणि आतल्या आवाजाच्या दिशेनं म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. साखर कमी." आत जाऊ होती. मास्तर एक घर अलीकडे आले होते. तिनं आधी चहा केला, कप नेऊन त्यांच्या हातात दिला, आणि मग पुढच्या खोलीचा दिवा लावला. तू हाकलून का दिलं नाहीस, असं नंतर बायकांनी विचारलं. ती म्हणाली, या घरात इतक्या हक्कानं पहिल्यांदाच कोणी चहा मागितला.

मास्तरांनी चहा संपवला. घरी जाऊन राजधानीला दुसरं पत्र लिहिलं. हे सहा पानी होतं.

तेच साहेब पुन्हा आले. या खेपेला मास्तरांनी त्यांना दुपारी बारा वाजता जाऊ दिलं नाही, गप्पांत अडकवून ठेवलं. सूर्य मावळला, साहेब वही काढून पाहणी करायला उठले आणि तीन पावलांवर मावशीच्या दारातल्या पाण्याच्या बादलीत घोट्यापर्यंत पाय गेला.

मावशीनं त्यांना आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि मोजा काढायला लावला. शिंपिणीच्या घरात इस्त्री नेहमी तापलेली असते. ती म्हणाली, दोन मिनिटांत वाळवते. साहेबांनी तेवढ्यात आमच्या सगळ्यांच्या देखत सांगितलं, की चूक त्यांच्या ध्यानात आली आहे. दूरच्या गावांना स्थानिक सोय म्हणून खटका गावातल्या माणसाकडे देता येतो, तसं कलम आहे. किल्ली मावशींना परत मिळू शकेल. मावशी इस्त्री फिरवता फिरवता हसली. मग साहेब मोज्याकडे बघत राहिले. आम्ही पण बघत होतो. मोजा टेबलाच्या डाव्या कडेला होता. मावशी टेबलाला इस्त्री करत होती.

जाऊ पुढे झाली, तिनं मोजा इस्त्रीखाली सरकवला आणि हळू म्हणाली, "ताई, डोळे."

"उजेड कमी आहे," मावशी म्हणाली.

तिच्या डोक्यावर शंभराचा बल्ब होता.

साहेब मऊच होते, पण नियम नियम. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागेल, म्हणाले. तो असेल तर किल्ली एक महिना चाचणीवर. त्या महिन्यात एका घराची जरी तक्रार आली तर किल्ली कायमची राजधानीत.

मावशीनं चार दिवस सुया बदलून बघितल्या. पाचव्या दिवशी चौकट सुलटी करून पुसली आणि जावेला म्हणाली, चल, कुठे तो डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले, पिकून बसलेले. एक आधी काढला, महिन्यानं दुसरा. हिरवी पट्टी बांधून मावशी ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखायची. मास्तरांना तर हटकून ओळखायची. म्हणायची, तुमचं एक पाऊल जरा खुरडत येतं, गुडघा दाखवा कोणाला तरी. मास्तर हो म्हणायचे.

दाखला मिळाला, किल्ली आली. पहिल्या दिवशी सबंध गल्ली बघायला जमली. मावशी ओट्यावर आली, नवा चष्मा, नवी सुई, काळा दोरा. सूर्य टेकला. तिनं दोरा ओवला, पहिल्या झटक्यात गेला. "अजून आहे उजेड," ती म्हणाली आणि दोरा काढून घेतला.

दहा मिनिटांनी पुन्हा ओवला. गेला. मग पुन्हा. समोरच्या घराचं दार दिसेनासं झालं, मग एकमेकांचे चेहरे. मावशी ओवत होती, काढत होती, ओवत होती. इतक्या वर्षांनी नेढं दिसायला लागलं होतं, तिला थांबवेना. तिकडे पोरं काळोखात पांगली आणि आयांच्या हाका सुरू झाल्या. साडेसात वाजले.

त्याच वेळी मास्तर घराबाहेर पडले. ते फोनवर बोलत होते की नुसता त्याच्या उजेडात चालत होते, आम्हाला कळेना. जाऊ आडवी आली आणि विचारलं, कुणाला लावताय? मास्तर म्हणाले, एका घराची तक्रार पुरते, नाही का? जाऊ म्हणाली, पुरते. आणि माझ्या घरी चहाही अजून आहे. हे तिनं कशासाठी सांगितलं कोण जाणे, पण मास्तरांनी फोन खिशात घातला.

ते ओट्याशी गेले आणि मावशीच्या शेजारी बसले. "मावशी, बघू ती सुई."

"तुम्हाला काय कळतं शिवणातलं?"

"काही नाही. म्हणूनच द्या."

तिनं सुई दिली. मास्तरांनी दोरा ओठांनी ओला केला, हात लांब धरला, मग जवळ आणला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा सुई बोटात गेली. तिसऱ्यांदा तर सुई कुठल्या हातात आहे हेच त्यांना सापडेना.

"तीन झाले," मास्तर म्हणाले.

मावशीनं सुई परत घेऊन पदराला टोचली. मग उठली, किल्ली फिरवली, खटका ओढला. अकराच्या अकरा दिवे लागले. पोरं पळाली, आणि बहुतेक आपापल्या घरी गेली. तेव्हापासून तसंच चाललंय. खटका मावशीचा, डोळे मास्तरांचे. महिना सरला, तक्रार काही गेली नाही. राजधानीला पाठवलेल्या अहवालात मास्तरांनी याला दोनस्तरीय रचना असं म्हटलंय.

पण त्या पहिल्या दिवशी एक गोष्ट राहिली होती. मास्तर घरी जायला उठले आणि दिव्याखाली आले. मावशीनं त्यांना नव्या चष्म्यातून खाली वर न्याहाळलं. पायजम्याचा उजवा पाय घोट्यावर संपत होता. डावा चपलेखालून फरफटत होता.

"मास्तर, हा पायजमा कुठला?"

आम्ही सगळे दिव्यांकडे बघायला लागलो. जावेनं पदर तोंडावर धरला. जन्मभर राजधानीची बाजू घेतलेला माणूस मान खाली घालून आपल्या दोन पायांकडे बघत राहिला.

"राजधानीतनं मागवला," मास्तर म्हणाले.

"तरीच," मावशी म्हणाली. "इतक्या लांबून इथलं माप कसं कळणार त्यांना? उद्या आणून टाका, नीट करून देते."